व्हिजन आणि चौथा मजला

चौथ्या मजल्यावर पाणी चढत नव्हतं, एवढीच मूळ गोष्ट. ती तेवढीच राहिली असती, तर एखाद्या प्लंबरनं किंवा देवानं कधीतरी निस्तरली असती. पण मध्ये मी पडलो.

आमची नवकिरण सोसायटी गाझियाबादच्या वैशालीत. शहाण्णव सालची गोष्ट आहे. तेव्हा तिथे इमारती इतक्या भराभर उगवत होत्या, की सकाळी ऑफिसला जाताना दिसलेल्या मोहरीच्या शेतात संध्याकाळी परत येईपर्यंत 'बुकिंग चालू' असा फलक लागलेला असे. आमच्याकडे अठ्ठेचाळीस फ्लॅट, खाली एक हौद, गच्चीवर एक टाकी आणि या दोघांच्या मधोमध एक दमेकरी पंप. नळाचं पाणी संध्याकाळी पाच ते सात या वेळात हौदात यायचं, तेही करंगळीएवढ्या धारेनं. पंप ते कसंबसं गच्चीवर पोचवायचा, आणि टाकीतलं पाणी एकदा उताराला लागलं की चौथ्या मजल्याला ओलांडून थेट खालच्यांकडे धाव घ्यायचं. टाकी डोक्यावर आणि घसा कोरडा, अशी चौथ्या मजल्याची अवस्था होती.

त्या मजल्यावर गजभिये राहत. बबनराव गजभिये मूळचे भंडाऱ्याचे, केंद्र सरकारच्या बांधकाम खात्यात इंजिनिअर, रिटायर व्हायला दीड वर्ष उरलेलं. सोसायटीत मराठी घरं दोनच, त्यांचं चौथ्यावर आणि आमचं दुसऱ्यावर. त्यांच्या पत्नी नंदाताई आणि माझी बायको रेवती यांचं मेतकूट असं, की रेवतीनं घातलेल्या फोडणीचा वास वर गेला की पाच मिनिटांत नंदाताईंची वाटी खाली येई आणि वाटीतून त्यांच्याकडची झणझणीत चटणी येई. पण लिफ्ट नव्हती, आणि नंदाताईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. रोज संध्याकाळी खालच्या नळावरून दोन बादल्या घेऊन बबनराव चार मजले चढत. तिसऱ्या जिन्यात थांबून ते श्वास घेत, तेव्हा आमच्या दारापर्यंत ऐकू येई.

एका संध्याकाळी रेवती म्हणाली, "नंदाताई फ्लॅट विकणार म्हणतायत. ब्रोकर येऊन बघून गेला. नागपूरला जाणार."

"अरेरे," मी म्हणालो.

"अरेरे काय? ऑफिसात एवढे प्लॅनिंग मॅनेजर म्हणून मिरवता, इथे काहीतरी करा की! दिवाळीपर्यंत त्यांच्या नळाला पाणी यायला हवं. मी शब्द दिलाय."

"तू कसा शब्द दिलास?"

"तुमच्या वतीनं," रेवती म्हणाली आणि आत गेली.

इथे माझ्या नोकरीबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे. साहिबाबादच्या औद्योगिक वसाहतीतली आमची कंपनी ट्रॅक्टरच्या सीट बनवते. तीस वर्षं आम्ही त्या सुखानं बनवल्या. पण देशानं दारं उघडली, परदेशी लोक भागीदारीची बोलणी करायला आले, आणि त्यांनी आमच्या नरसिंहनसाहेबांना विचारलं, की तुमची स्ट्रॅटेजी काय? साहेब म्हणाले, सीट बनवणं. परदेशी लोक नुसते हसले. त्या हसण्याचा परिणाम म्हणून आम्हा सहा मॅनेजरांना दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलात तीन दिवसांच्या वर्कशॉपला पाठवण्यात आलं. विषय होता: कंपनीचं धोरण आणि रोजचे प्रकल्प यांची सांगड.

तिथे एका कोट घातलेल्या तरुणानं पडद्यावर एक पिरॅमिड दाखवला. टोकाला व्हिजन, त्याखाली उद्दिष्टं, त्याखाली प्रकल्प आणि तळाला कामं. प्रत्येक कामापासून वर बाण निघायला हवा आणि तो व्हिजनपर्यंत पोचायला हवा. "ज्या प्रकल्पाचा बाण वर पोचत नाही," तो म्हणाला, "तो प्रकल्प कितीही प्रिय असो, आजच बंद करा!" मला एकदम आपलं सगळं आयुष्य डोळ्यांसमोर दिसलं. त्यातल्या कशाचाच बाण कुठे पोचत नव्हता. दुपारच्या जेवणात सात प्रकारचे गोड पदार्थ होते, पण मी भारावल्यामुळे चारच घेतले.

परत आलो तो पेटूनच. त्याच रविवारी सोसायटीची सभा होती. आमच्याकडे सेक्रेटरी निवडून देत नाहीत, बेसावध माणसाच्या गळ्यात घालतात. मी 'पाण्याबद्दल मला काही सांगायचं आहे' म्हणून उभा राहिलो आणि सेक्रेटरी होऊनच खाली बसलो.

"पाण्याचं बघू," मी म्हणालो, "पण आधी आपण सोसायटीची व्हिजन ठरवू."

"वो क्या होता है?" तळमजल्यावरच्या हरिदास चड्ढांनी विचारलं. चड्ढांचं टाइल्सचं मोठं दुकान होतं आणि आवाज दुकानाहून मोठा होता.

मी चार्ट उघडला, पिरॅमिड काढला. सभा गप्प झाली. हा माझ्या बोलण्याचा परिणाम आहे असं मला वाटलं. पुढे कळलं, की इमारतीवर आणखी एक त्रिकोणी मजला चढवायचा बेत आहे असा लोकांचा समज झाला होता.

व्हिजन ठरायला चार सभा लागल्या. 'सुखी सोसायटी' हा शब्द रेवतीनं सुचवला, तो फारच घरगुती म्हणून पडला. 'आदर्श' सरकारी वाटला. अखेर चड्ढा म्हणाले, "भाटवडेकरजी, सीधी बात. लोग पूछें कि वैशाली में सबसे शानदार कौन? तो जवाब आए, नवकिरण!" टाळ्या पडल्या. 'सन दोन हजारपर्यंत वैशालीतली सर्वांत प्रतिष्ठित सोसायटी' अशी व्हिजन मंजूर झाली. बबनराव सगळ्या सभांना मागच्या खुर्चीवर बसून होते. चौथ्या सभेत त्यांनी फक्त एकदा घड्याळात पाहिलं, कारण खालच्या नळाची वेळ झाली होती.

मग प्रकल्प मागवले. प्रत्येकानं आपापला बाण आणला. बॅडमिंटन कोर्टाचा बाण आरोग्यातून प्रतिष्ठेकडे गेला. केबलच्या बड्या डिशचा बाण ज्ञानातून गेला. चड्ढांनी दिवंगत वडिलांच्या स्मरणार्थ गेटवर कमान बांधून द्यायची तयारी दाखवली, आणि तिचा बाण तर मधे कुठेच न थांबता सरळ प्रतिष्ठेत घुसला. मी वर्कशॉपमधल्या पद्धतीनं गुण दिले. कमान पहिली आली. चौथ्या मजल्याचं पाणी सहावं आलं.

मी दोनदा बेरीज केली. पण करणार काय? प्रतिष्ठा ही बाहेरच्या माणसाला दिसावी लागते आणि चौथ्या मजल्यावरच्या बाथरूममधला नळ रस्त्यावरून दिसत नाही. पद्धत म्हणजे पद्धत.

सभा संपल्यावर बबनराव चार्टपाशी आले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तो नीट वाचला. मग शांतपणे म्हणाले, "श्रीरंगराव, काम साफसुथरं केलंत. फक्त एक सांगा. तहान कोणत्या बाणात बसते?"

मी काहीतरी 'दुसऱ्या टप्प्यात' असं पुटपुटलो. ते मान हलवून बादल्या उचलायला गेले. त्यांनी आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

रेवतीनं पुढचे दोन दिवस माझ्याशी बोलणं आमच्या मुलीमार्फत ठेवलं. सुखदा तेव्हा अकरा वर्षांची, जन्मापासून दिल्लीकडची, तिच्या मराठीतले बरेच शब्द यमुनेत वाहून गेलेले. ती येऊन म्हणे, "बाबा, आई पूछतेय, जेवणार की बाण खाणार?" हे भाषांतर होतं की मूळ, ते मी तपासलं नाही.

तिकडे कमानीचा प्रकल्प सुरू झाला आणि परवानगीपाशी अडला. मी नकाशा घेऊन संबंधित कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूनं पान चघळत तो उलटा धरला, मग सुलटा धरला.

"ऊँचाई?"

"बारा फूट."

"दस फुट से ऊपर हो तो निर्माण है. फाइल लखनऊ जाएगी. छह महीने, साल भर." त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "दस से नीचे हो तो सजावट है. सजावट पर हमें क्या आपत्ति?"

मी तिथल्या तिथे बारा फूट खोडून नऊ फूट अकरा इंच केलं. वेळेत निर्णय घेणं हा वर्कशॉपचा दुसऱ्या दिवसाचा धडा होता. बाबूनं शिक्का मारला आणि मी ऑफिसात ही हकिगत यशोगाथा म्हणून सांगितली.

ती नरसिंहनसाहेबांच्या कानावर गेली. त्यांनी मला बोलावलं. साहेब तमिळ, मितभाषी, वीस वर्षांपूर्वी स्वतः यंत्रांवर काम केलेले. ते म्हणाले, वर्कशॉपला सहाजण गेले, पण शिकलेलं वापरणारे तुम्ही एकटेच. कंपनीत धोरण आणि प्रकल्प जोडणारा नवा विभाग काढतोय. त्याला प्रमुख हवाय. रविवारी चारला तुमची सोसायटी बघायला येतो.

मी घरी चालत आलो की तरंगत, ते आठवत नाही. जिन्यात मात्र पाय जमिनीला टेकले, कारण वरून नंदाताई एकेका पायरीवर थांबत, कठडा धरून उतरत होत्या.

"काहून हो भाऊ, लई खुशीत दिसता?"

"नाही, असंच. तुम्ही कुठे निघालात?"

"ब्रोकरचा फोन घ्याले. आमचा बंद पडला ना, तर तुमच्याकडे येणार हाय. गिऱ्हाईक भेटलं म्हणते." त्या हसल्या, पण ते हसू जिन्यातल्या दिव्यासारखं अर्धवट होतं. "तुम्ही वाईट नका वाटून घेऊ. पाणी का तुमच्या हातात हाय?"

माझ्या हातात तेव्हा सेक्रेटरीचा शिक्का होता. तो मी खिशात घातला.

त्या रात्री मी ठरवलं, की पद्धत गेली खड्ड्यात, रविवारी चौथ्या मजल्याला पाणी मिळालंच पाहिजे. अर्थात पद्धत सोडवत नाही म्हणून तिच्यातच एक पळवाट शोधली. 'चटकन मिळणारं यश' नावाचा एक प्रकार वर्कशॉपमध्ये होता. त्याखाली मी पाण्याचा टँकर बसवला. टँकर हौद भरेल, पंप टाकी भरेल, आणि साहेब येतील तेव्हा चौथ्या मजल्यावर नळ वाहत असेल. बाण कसा काढायचा ते नंतर बघू.

रविवार उजाडला. कमान तयार होती. गुलाबी दगडाच्या टाइल्स, दोन्ही खांबांवर दोन सिंह (मेंढ्यांच्या अंगानं गेलेले, पण चड्ढांना सिंह म्हणूनच दाखवलेले), वर सोनेरी अक्षरांत व्हिजन आणि त्याच्यावर त्याहून मोठ्या अक्षरांत 'स्व. लाला गिरधारीलाल चड्ढा स्मृति द्वार'. सोसायटीला बाहेर पडायचं गेट हे एकच.

तीन वाजता टँकर आला. मी सूट घालून हात दाखवत पुढे उलटा चालत होतो. वरच्या झाकणात आणि व्हिजनमध्ये दोन बोटांचं अंतर ठेवून टँकर आत सरकला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाकलो थोडा. टँकरनं हौदात पाणी सोडलं, पंप सुरू झाला, आणि ड्रायव्हर गाडी वळवून गेटकडे निघाला.

खडर्रर्र असा आवाज आला.

टँकर कमानीखाली अर्धा बाहेर, अर्धा आत असा थांबला होता. झाकण व्हिजनच्या 'प्रतिष्ठित'मध्ये रुतलं होतं.

"आया तब तो निकल गया था!" मी ओरडलो.

ड्रायव्हर हापुडकडचा, भारदस्त मिशांचा माणूस. तो खाली उतरला, त्यानं मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांकडे पाहिलं आणि माझ्याकडे, मुलाखतीला आलेल्या उमेदवाराकडे पाहावं तसं पाहिलं. "बाबूजी, तब भरा था. अब खाली है. खाली गाड़ी ऊपर उठती है. इतना तो मेरी भैंस भी जानती है."

तीन दिवसांच्या वर्कशॉपमध्ये हे सांगितलं नव्हतं.

"तो फिर भर दो!" कोणीतरी म्हणालं. म्हणजे हौदातलं पाणी बादल्यांनी काढून पुन्हा टँकरमध्ये भरायचं. हे ऐकल्यावर चौथ्या मजल्यावरचे सगळे रहिवासी हौदाभोवती कडं करून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहून तो प्रस्ताव मागे घेण्यात आला. टायरमधली हवा काढा, असं सुखदा म्हणाली. ड्रायव्हर म्हणाला, "और भरने के लिए जीटी रोड से फूँक मारोगे क्या?"

मग चड्ढांनी सूत्रं हाती घेतली. टँकरला वजन हवंय ना? मग माणसं चढवा! बघता बघता अर्धी सोसायटी टँकरच्या दोन्ही बाजूंना लटकली. चड्ढा स्वतः मागच्या शिडीवर चढले, तेव्हा गाडी खरोखरच अंगठाभर खाली गेली. ड्रायव्हरनं क्लच सोडला. टँकर हातभर पुढे सरकला, आणखी घट्ट बसला, आणि धक्क्यासरशी लोक पिकल्या जांभळांसारखे खाली गळले. कुणाला लागलं नाही. फक्त एका सिंहाची शेपटी गेली.

नेमकी त्याच वेळी बाहेर पांढरी गाडी येऊन थांबली. नरसिंहनसाहेब उतरले. त्यांनी कमान वाचली, टँकर पाहिला, लटकलेले उरलेसुरले दोघेजण पाहिले आणि मला पाहिलं.

"भाटवडेकर," ते म्हणाले, "हा कोणता टप्पा?"

मला आजवर एवढा अचूक प्रश्न कोणी विचारलेला नाही. मी टाय सैल केला आणि सगळं खरं सांगून टाकलं. बाबू, नऊ फूट अकरा इंच, रिकामा टँकर, सहावा नंबर, सगळं. ते कमानीकडे पाहत राहिले. आयुष्यात बढती जाताना तिचा आवाज येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

"तोड दो ऊपर का हिस्सा," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

"खबरदार!" चड्ढा कमानीला पाठ लावून उभे राहिले. त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "बाऊजी का नाम है ऊपर. वो सारी उमर किराए के मकान में रहे. अपने दरवाजे पर नाम देखना चाहते थे, बस."

इतक्या आठवड्यांत मी चड्ढांच्या कमानीला गुण दिले होते, पण ती त्यांना कशासाठी हवी आहे, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

तेवढ्यात बबनराव आले. दुपारच्या झोपेतून उठून, बनियन-पायजम्यावर, हातात लाकडी घडीची मोजपट्टी. कोणाशी न बोलता त्यांनी झाकण मोजलं, कमान मोजली, खाली बसून मागच्या चाकांपासचा रस्ता मोजला. मग उठून पायजमा झटकला.

"तोडायचं काहीच नाही. कमान वर जात नाही ना? मग रस्ता खाली घेऊ." त्यांनी चपलेच्या टोकानं दोन रेघा मारल्या. "गाडी हातभर मागे घ्या. दोन्ही चाकांपुढे उताराच्या दोन चऱ्या खणायच्या, फूटभर खोल. चाकं आत उतरली की टँकर खाली आला. पलीकडे चढ ठेवू. मग चऱ्या बुजवून टाकू. अर्ध्या तासाचं काम आहे."

शेजारच्या बांधकामावरून कुदळी आणि फावडी आली. दोन मजूर आले, पण जागा चार जणांची होती. मी कोट काढला. शेजारी आणखी कोणीतरी कोट काढून माझ्या कोटावर ठेवला. बघतो तर नरसिंहनसाहेब! त्यांनी बाह्या दुमडल्या, फावड्याचा दांडा हातात तोलून पाहिला, आणि चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, की मी त्यांना बारा वर्षांत कधी इतकं खूश पाहिलं नव्हतं.

"फाइलपेक्षा बरं," ते म्हणाले.

उजवी चरी झाली. डाव्या चरीत नरसिंहनसाहेबांचं फावडं दुसऱ्यांदा आपटलं आणि ठण्ण असा आवाज आला. दगड म्हणून त्यांनी बाजूला उकरलं. खाली गोल लोखंडी झाकण निघालं. बबनराव उडी मारून चरीत उतरले. त्यांच्या वयाला आणि हुद्द्याला न शोभणारी उडी होती ती.

"थांबा! कोणी हात लावू नका."

झाकण निघालं. आत चिखलात एक जाड पाइप आणि त्यावर पाणी सोडायची-अडवायची गंजलेली मोठी चावी होती. बबनरावांनी कोपरापर्यंत हात घालून ती चाचपली आणि मान वर केली. चेहरा मातीनं माखलेला, चष्मा तिरका.

"श्रीरंगराव, ही आपली मुख्य लाइन. नकाशात चावी दाखवली होती, पण जागेवर कधी सापडली नाही. मी तीन वर्षं शोधत होतो. बिल्डरनं बांधकामाच्या वेळी हिला जवळजवळ बंद केलं, आणि मग वर मुरूम टाकून रस्ता करून मोकळा झाला. पाऊण भाग बंद आहे हो!"

अठ्ठेचाळीस कुटुंबं तीन वर्षं जिच्यासाठी पंपाला, टाकीला, एकमेकांना आणि अखेर सेक्रेटरीला शिव्या देत होती, ती चावी आम्ही रोज तुडवून ऑफिसला जात होतो.

ड्रायव्हरनं गाडीतून मोठा पाना काढून दिला. पाना लावून बबनराव, मी आणि साहेब तिघांनी जोर केला. चावी हलेना. मग चड्ढा चरीत उतरले. चरीत जागा उरली नाही, पण चावी फिरली. एक वेढा, दोन वेढे, पाच. पाच वाजून गेले होते. आतून आधी हवेचा सुस्कारा, मग घुमल्यासारखा आवाज आला, आणि हौदाकडून कोणीतरी किंचाळलं, "पानी! पाइप भर के पानी!"

मोठी माणसं एकमेकांना मिठ्या मारू लागली. चड्ढांनी ड्रायव्हरला मिठी मारली. त्या गडबडीत, चावीवरचं झाकण परत बसल्यावर, टँकर चऱ्यांतून अलगद उतरून, कमानीला न शिवता बाहेर निघून गेला, हे आम्ही कोणी पाहिलंसुद्धा नाही. गेला तेव्हा त्यानं एकदा हॉर्न दिला, एवढं आठवतं.

नव्या विभागाचं प्रमुखपद मला मिळालं की नाही, ते इथेच सांगून टाकतो, म्हणजे वाचकांचा जीव टांगणीला राहणार नाही. मिळालं. साहेब म्हणाले, बाकीच्या पाचांना पद्धत कशी चालते ते माहीत आहे; ती कशी अडकते हे तुम्हाला एकट्यालाच माहीत आहे. ही स्तुती होती, असं मी धरून चाललो आहे. पहिल्याच महिन्यात त्यांनी बबनरावांना निवृत्तीनंतर सल्लागार म्हणून येण्याबद्दल विचारलं. बबनराव म्हणाले, येतो, पण तक्ते दाखवू नका.

पण त्या संध्याकाळी हे काही ठरलेलं नव्हतं. चिखलानं भरलेले आम्ही सगळे गेटपाशी चहा पीत उभे होतो. साहेब चड्ढांना सिंहांबद्दल विचारत होते. तासाभरानं सुखदा जिन्यातून ओरडत आली, "बाबा! जिन्यात पाणी आली! खूप सारी!"

टँकरचं पाणी नेहमीप्रमाणे खालच्यांनीच संपवलं होतं, हे नव्या धारेचं होतं. चौथ्या मजल्यावरचे लोक पाणी आलं की कळावं म्हणून नळ उघडेच ठेवून बाहेर पडत. नळाखाली बादली, बादलीत मग. पहिला थेंब मगात वाजला की धावायचं. त्या दिवशी धावणारे सगळे गेटवर होते. सगळ्या घरांतले सगळे नळ एकाच वेळी वाहू लागले, आणि पाणी उंबरे ओलांडून जिन्यानं खाली निघालं होतं.

आम्ही त्या धारेच्या उलट दिशेनं वर चढलो. बबनराव सर्वांत पुढे. तिसऱ्या जिन्यात ते श्वास घ्यायला थांबले नाहीत. गजभियांचं दार उघडं होतं. आत घोट्याएवढं पाणी. स्वयंपाकघराच्या मध्यभागी नंदाताई लाकडी स्टूल टाकून बसल्या होत्या. साडी गुडघ्यापर्यंत वर धरलेली, दोन्ही दुखरे पाय पाण्यात सोडलेले. नळ पूर्ण उघडा, आणि धार अशी जाड, की बेसिन गदगदत होतं. रेवती शेजारी भिंतीला टेकून उभी होती, केर काढायचा झाडू हातात, पण झाडू हलत नव्हता.

"अगं, नळ तर बंद कर!" बबनराव म्हणाले.

"थांबा ना जी," नंदाताई म्हणाल्या. "जरा वेळ वाहू द्या. तीन साल झाले, ऐकलं नव्हतं."

बबनराव दारातच थबकले. मग वळून, कोणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाले, "त्या ब्रोकरला उद्या सकाळी नको म्हणून सांगतो."

खालून तिसऱ्या मजल्याचा आरडाओरडा ऐकू येत होता. त्यांच्या छतातून ठिबकायला लागलं होतं. पाणी वाया जात होतं, आणि मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. पुढे होऊन तो नळ बंद करणं हे माझं कर्तव्य होतं, यात काही शंका नाही.

मी सुटाची पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि दुसरं स्टूल ओढून घेतलं.